आडव्या फळीची दिशा

खालून बघणाऱ्याला आभाळ लय मोठं वाटतं. एवढ्या जागेत दोन लहान विमानं एकमेकांवर येतीलच कशी, असं मला कितीतरी जणांनी विचारलंय. मी सांगतो, मोठं आहे ते वर. विमान जिथं उतरतं तिथं आभाळ बैलगाडीच्या वाटेएवढं होतं, आणि सगळ्यांना त्याच एका वाटेनं खाली यायचं असतं. मी अठरा वर्षं त्या वाटेच्या तोंडाशी उभा होतो.

मी दुसरी शिकलेला. आमचं गाव इगतपुरीच्या वरच्या अंगाला, भाताच्या खाचरांचं. भावकीत बोलाचाली झाली आणि मी बायकोला घेऊन नाशिक रोडला आलो, तो परत गेलो नाही. गावाकडून दोनदा बोलावणं आलं. मी म्हटलं, ज्यानं मला जा म्हटलं त्यानंच यावं बोलवायला. तो आला नाही, मीही गेलो नाही. असा माझा स्वभाव. तो लपवायचं काही कारण नाही, कारण पुढची सगळी गोष्ट त्याच स्वभावानं घडवली.

नाशिक रोडच्या पुढं माळावर एका फ्लाइंग क्लबचं मैदान होतं. क्लब आता नाही. पूर्व-पश्चिम अशी एक धावपट्टी, एक पत्र्याची मोठी शेड, तीन लहान विमानं आणि शिकायला येणारी पोरं. मला तिथं गवत कापायला घेतलं. मग कुत्री हाकायचं काम आलं, गुरं हाकायचं आलं, आणि वर्षाभरात टी माझ्याकडं आला.

टी म्हणजे काय ते सांगतो. इंग्रजीतलं मला येणारं ते एकच अक्षर. धावपट्टीच्या बाजूला गवतात लाकडी फळ्यांचा, पांढरा रंग दिलेला एक मोठा टी मांडलेला असायचा. धावपट्टीला समांतर एक उभी फळी, दोन पुरुष लांब, आणि तिच्या एका टोकाला आडवी फळी. विमानानं आडव्या फळीकडं तोंड करून उतरायचं. उतरताना वारा समोरून असावा लागतो, म्हणून तो पूर्वेचा असला की आडवी फळी पूर्वेच्या टोकाला ठेवायची. पश्चिमेचा असला की ती ओढत नेऊन पश्चिमेच्या टोकाला. उभी फळी जागची हलत नसे. वाऱ्यासाठी खांबावर कापडी पिशवीही होती, पण वारा कमी असला की ती मेल्या कोंबडीसारखी लोंबायची. तेव्हा वरचा माणूस फक्त टी बघायचा. म्हणजे मला बघायचा. आडव्या फळीला मी डोकं म्हणायचो. तिचा रंग मी दर दिवाळीआधी स्वतः द्यायचो, दुसऱ्या कुणाला ब्रश लावू द्यायचो नाही.

क्लबचे मोठे साहेब पोरांना शिकवायचे. वर न्यायच्या आधी ते पोरांना मैदानावर दोन्ही हात पसरून समोरासमोर चालायला लावायचे. अगदी नाकाला नाक लागायची वेळ आली की ओरडायचे, "उजवीकडे." दोघांनीही आपापल्या उजवीकडं वळायचं. रस्त्यावर डावीकडून जायची सवय असलेली पोरं पहिल्या दिवशी हमखास एकमेकांवर आदळायची. शेडमधला मिस्त्री हसायचा. तो बागलाणकडचा, विमानांची इंजिनं बघणारा, वयानं माझ्याएवढाच. मला म्हणायचा, "बाबा, तुम्हाला नाही जमायचं हे. तुम्ही सरळच जाणार. समोरच्यानं वळायचं."

तो चेष्टेनं म्हणायचा. मला ते कौतुक वाटायचं.

आता दसऱ्याचं. आमच्याकडं दसऱ्याला हत्यार धुवायचं, पूर्वेकडं तोंड करून मांडायचं, हळदकुंकू, अक्षता, झेंडूची माळ, नारळ. आणि एकदा पूजा लागली की ते हत्यार दुसऱ्या दिवसाच्या सकाळपर्यंत हलवायचं नाही. नांगराला नाही, विळ्याला नाही, कशालाच हात लावायचा नाही. माझ्या बापानं कधी लावला नाही. मैदानावर माझं हत्यार टी. म्हणून दर दसऱ्याला मी डोकं पूर्वेला ठेवून पूजा करायचो. साहेबांनी कधी हरकत घेतली नाही. त्या दिवशी क्लबला सुट्टी असायची. विमानांनाही माळा घालायच्या, चाकाखाली लिंबू, आणि मग साहेब कामगारांपैकी कुणाच्या तरी घरच्या माणसाला घेऊन मैदानाभोवती एक चक्कर मारायचे. एवढंच उड्डाण. ते सकाळी असायचं, आणि त्या दिवसांत सकाळचा वारा पूर्वेचाच असतो. त्यामुळं पूजेचं डोकं आणि वाऱ्याचं डोकं एकाच दिशेला पडायचं. इतकी वर्षं अडचण आली नाही, म्हणून मला वाटलं की ती नाहीच.

त्या वर्षी चकरेची पाळी माझ्या बायकोची होती. नव्वदनंतरची गोष्ट आहे, नक्की साल माझ्या डोक्यात राहिलेलं नाही. तिनं नवं लुगडं नेसलं होतं आणि सकाळपासून घशाखाली काही उतरलं नव्हतं.

"वहिनी, वर गेल्यावर बाबांना हाक मारू नका," मिस्त्री म्हणाला. "त्यांना वाटेल गुरं आली."

"त्यांना हाक मारून कधी ऐकू आलीय का," ती म्हणाली.

पूजा झाली. पण विमानाचं इंजिन धरेना. मिस्त्रीनं ते उघडलं आणि दुपार गेली. साहेब घरी जाऊन जेवून आले. ऊन उतरायला लागलं तेव्हा कुठं इंजिन नीट बोललं. बायको विमानाकडं निघाली आणि मधेच थांबली. तिचा पदर हलला होता, जरासाच.

"अहो, वारा फिरला ना?"

मलाही कळलं होतं. वारा पश्चिमेचा झाला होता, अगदी बारीक. डोकं पश्चिमेला न्यायला हवं होतं. दोन मिनिटांचं काम.

"पूजा लागलीय त्याला," मी म्हटलं. "आज हलत नाय."

"पण वर..."

"साहेबांना वारा कळतो. तुला काय कळतं त्यातलं? जा, बस."

ती गेली. साहेबांना वारा कळत होता हे खरंच होतं. ते टीकडं न बघता पश्चिमेकडं तोंड करून उडाले आणि तसेच उतरणार होते. मैदानावर दुसरं कुणी येणार नव्हतं. रेडिओची खोली बंद होती.

मी माळावर उभा राहून बघत होतो. विमान लांब पूर्वेला जाऊन वळलं आणि खाली यायला लागलं. त्याच वेळी माझ्या पाठीमागून, पश्चिमेकडून, दुसरा आवाज आला.

कुणा कारखानदाराचं खाजगी विमान होतं ते, मुंबईच्या बाजूनं आलेलं. पायलटनं रेडिओवर विचारलं होतं, उत्तर आलं नाही. हे मला मागाहून कळलं. पिशवी लोंबत होती. म्हणून त्यानं टी बघितला. डोकं पूर्वेला. तो पूर्वेकडं तोंड करून खाली आला, जसं यायला हवं तसंच. आमचे साहेब पश्चिमेकडं तोंड करून येत होते आणि मावळतीचं ऊन त्यांच्या डोळ्यांत होतं. त्या पायलटच्या पाठीला ऊन होतं.

मी हात हलवले. ओरडलोही असेन. माझ्या दोन्ही बाजूंनी आवाज वाढत गेला आणि मधे एक जागा होती तिथं तो सारखा झाला. मग ते दुसरं विमान एका पंखावर उभं राहिलं आणि उजवीकडं गेलं. साहेब सरळ येत होते. त्यांना ते शेवटच्या क्षणी दिसलं, तोवर ते बाजूला झालेलं होतं. दोन विमानांच्या मधे, मी सांगतो, एक बैलगाडी जेमतेम गेली असती. साहेबांनी नाक वर केलं आणि विमान पुन्हा वर गेलं. माझी बायको त्यात होती.

त्यानंतर मी जे केलं त्याचा मी विचार केला नव्हता. पाय आपोआप गेले. मी टीपाशी धावलो, माळेसकट आडवी फळी उचलली आणि ओढत पश्चिमेच्या टोकाला नेऊन ठेवली. ज्या पूजेपायी मी ती दुपारी हलवली नव्हती, ती पूजा मला तेव्हा आठवली नाही.

साहेब उतरले. त्यांच्या मागून तो पायलटही उतरला, त्याच दिशेनं. साहेब त्याच्यावर धावूनच गेले. तो तिशीतला, शांत माणूस. त्यानं एवढंच म्हटलं, "टी पूर्वेकडे होता."

साहेब माझ्याकडं वळले. "बाबा, टी कुठं होता?"

"आहे तिथंच, साहेब."

सगळ्यांनी वळून बघितलं. डोकं पश्चिमेला होतं. तो पायलट चालत टीपर्यंत गेला आणि त्याच्याकडं बघत उभा राहिला. त्याच्या विमानाचा मालक शेडच्या सावलीत घाम पुसत होता आणि तिथूनच त्याला नको नको ते बोलत होता. पायलटनं मान वर केली नाही.

बायको उतरली. मिस्त्रीनं पाणी दिलं. ती प्याली आणि गवतात गेली. मला वाटलं, तिला उलटी होतेय. घरी आल्यावर तिनं पदराची गाठ सोडली. आत झेंडूची सुटी फुलं होती, सुपारी होती, कुंकू लागलेले तांदूळ होते, नारळाच्या दोन वाट्या होत्या. पूर्वेच्या टोकाला, पूजेच्या जागी, जे काही राहिलं होतं ते तिनं सगळं वेचून आणलं होतं. वरून सगळं दिसतं. मी फळी ओढत नेताना तिला दिसलो होतो.

तिनं फुलं तुळशीत टाकली आणि भाकरी करायला बसली.

पंधरा दिवसांनी चौकशीला दोन अधिकारी आले. शेडमध्ये टेबल मांडलं. साहेबांनी सांगितलं, मी वाऱ्याप्रमाणं उतरत होतो, टीही तसाच होता. मग मला बोलावलं. आडवी फळी पश्चिमेला कुणी ठेवली, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मी, माझ्या हातानं. ते खरंच होतं. कधी ठेवली, ते त्यांनी विचारलं नाही. जबाब वाचून दाखवला आणि एकानं शाईचा डबा पुढं सरकवला.

"अंगठा नाही," मी म्हटलं. "सही करतो."

आणि मी सही केली. चार अक्षरं, वर रेघ. तेव्हासुद्धा मला त्या सहीचा अभिमान वाटला, हे मी लिहून ठेवतो.

बाहेर व्हरांड्यात तो पायलट बाकावर बसला होता. मी जवळून जाताना त्यानं अगदी हळू विचारलं, "बाबा, टीला झेंडूची माळ होती. ती मला वरून दिसली. पूर्वेच्या टोकाला. होती ना?"

"माळा सगळ्यालाच होत्या," मी म्हटलं. "दसरा होता."

त्यानं मान हलवली, जणू मी त्याला काही समजावून दिलं. चौकशीत दोष त्याच्यावर गेला. लायसन काढून घेतलं आणि मालकानं नोकरीवरून काढलं, असं मिस्त्रीनं सांगितलं. मी गवत कापत राहिलो.

पुढच्या दसऱ्याला संध्याकाळी बायकोनं आपट्याची पानं सगळ्यांना वाटली, सोनं म्हणून. दोन पानं राहिली ती तिनं चहाच्या जुन्या डब्यात ठेवली.

"हे कुणाचं?" मी विचारलं.

"ज्याचं आहे त्याचं."

त्याच्या पुढच्या दसऱ्यालाही दोन पानं. त्याच्या पुढच्या वर्षीही. मी विचारायचं सोडलं. डबा फडताळात माझ्या डोळ्यांसमोर असायचा. पानं वाळून करकरीत झाली होती, डबा हलला की वाजायची. आम्ही दोघं एका घरात त्या डब्यासोबत राहत होतो. भांडण असं कधी झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं, भांडणात मी हरत नाही.

मग नवं शतक लागलं, क्लब बंद पडला. टीच्या फळ्या कुणीतरी सरपणाला नेल्या. एकदा मी बसल्या बसल्या म्हणून गेलो, "त्या दिवशी साहेबांनी तुला नीट खाली आणलं."

ती तांदूळ निवडत होती. "साहेबांच्या डोळ्यात ऊन होतं," ती म्हणाली. "मी त्यांच्या शेजारी बसले होते. त्यांनी हात डोळ्यावर धरला होता. मला त्या दुसऱ्या विमानातल्या माणसाचा चेहरा दिसला, अहो. त्यानं बघितलं, आणि तो वळला. मला त्यानं खाली आणलं."

मी उठून बाहेर गेलो.

त्यानंतर काही महिन्यांनी बाजारात मिस्त्री भेटला. तो आता एका ट्रान्सपोर्ट कंपनीत ट्रकचं काम करायचा. म्हणाला, "तो पायलट आमच्याच कचेरीत शे. इथंच, द्वारका चौकात. कोणता ट्रक कुठं पोचला त्याचे फोन घेतो दिवसभर."

"लायसन नाही मिळालं परत?"

"मला काय ठावं. मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही."

त्या वर्षीच्या दसऱ्याला सकाळीच मी बायकोला म्हटलं, तो डबा दे. तिनं डबा हातात ठेवला आणि माझा सदरा झटकून दिला.

द्वारकेला कचेरीसमोर ट्रक धुवून उभे होते, प्रत्येकाच्या तोंडावर झेंडूच्या माळा. आत तो एकटाच टेबलाशी होता. केस पांढरे झालेले. मी दारात उभा राहिलो आणि त्यानं मला लगेच ओळखलं.

"मैदानावरचे बाबा," तो म्हणाला. बसा म्हटलं नाही.

"तुमचं लायसन..." मी सुरुवात केली.

"ते सहा महिन्यांत परत मिळालं होतं. दुसऱ्या एका क्लबात कामही मिळालं." तो फोनची वायर नीट करत बोलत होता. "पहिल्या दिवशी उतरायच्या आधी खाली टी बघितला. पश्चिमेला होता. म्हटलं, परत बघू. परत पश्चिमेला. तरी माझा विश्वास बसेना. चकराच मारत राहिलो. खालून सारखं विचारत होते, काय झालं, काय झालं. पेट्रोल संपत आलं तेव्हा उतरलो. ज्याला आपल्या डोळ्यांचा भरवसा नाही त्यानं वर जाऊ नये, बाबा. मी स्वतःच सोडलं. सगळे म्हणाले होते टी पश्चिमेला होता, तर असेलच. मग मी काय बघितलं होतं?"

त्याच्या टेबलावर लाकडी पट्टी होती आणि एक पेन्सिल. मी दाराकडं बघून दिशा धरली. पट्टी पूर्व-पश्चिम ठेवली. पेन्सिल तिच्या पूर्वेच्या टोकाला आडवी ठेवली.

"सकाळी पूजेला डोकं इथं होतं," मी म्हटलं. "तुम्ही आलात तेव्हाही इथंच होतं. वारा फिरला होता, बायकोनं मला सांगितलंही होतं. पूजा लागलेलं हलवायचं नाही म्हणून मी हलवलं नाही. तुम्ही वळून गेल्यावर मग मी ते असं नेलं."

मी बोटानं पेन्सिल पश्चिमेच्या टोकाला सरकवली.

फोन वाजला. त्यानं उचलला नाही. वाजून बंद झाला. त्यानं पेन्सिल उचलली आणि परत पूर्वेच्या टोकाला ठेवली, नीट, काटकोनात. मग हात मागं घेतला आणि तिच्याकडं बघत बसला. त्या दिवशी टीपाशी उभा राहून बघत होता, तसाच.

"माळ होती," तो म्हणाला.

"होती."

मी डबा उघडला. वाळलेल्या पानांवर त्या सकाळची दोन ताजी पानं होती. "ही बायकोनं पाठवलीत. ती त्या विमानात होती. दर वर्षीची तुमची राहिली होती."

त्यानं डबा घेतला. "त्यांची घेतो," तो म्हणाला. "तुमची घेतली असं समजू नका. हे सगळं लिहून द्याल?"

"देतो."

तोवर मी सहीखेरीज फारसं काही लिहिलं नव्हतं. शेजारच्या मास्तरीणबाईंनी सांगितलं, बाबा, तुम्ही बोला, मी लिहिते. मी नको म्हटलं. पाऊण पान लिहायला मला नऊ दिवस लागले. तेव्हापासून हात चालायला लागला, म्हणून हेही लिहितोय. पान पुरं झाल्यावर मी ते बायकोला वाचून दाखवलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं.

"फुलं मी उचलली, ते कुठं आहे?"

"ते नाही घातलं. त्याची गरज नाय."

"घाला."

"अगं, चूक माझी..."

"तुमचं तुम्ही लिहिलंत. माझं मला सांगायचंय. घाला."

मी दोन दिवस घातलं नाही. ती काही बोलली नाही, आणि तिचं न बोलणं काय असतं ते मला आता माहीत होतं. तिसऱ्या दिवशी मी तळाला एक ओळ लिहिली, की पूजेच्या जागची फुलं व तांदूळ माझ्या बायकोनं उचलले, मला वाचवण्यासाठी. मग सही केली. जबाबावर केली होती तीच, चार अक्षरं आणि वर रेघ. तिच्यासाठी शाई घेऊन आलो. माझ्या सहीखाली तिनं अंगठा उठवला आणि तो वाळेपर्यंत पानाला कुणी हात लावू नये म्हणून तिथंच बसून राहिली.